पोतं द्यायची रीत

पुण्याच्या भुसार बाजारात एक हमाल होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. मिसरूड फुटलं न फुटलं तोच तो मुळशीच्या डोंगरातून पुण्यात आला, तेव्हा हा बाजार नाना पेठेत आणि भवानी पेठेत भरत असे. पुढे बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला, मागोमाग अण्णाही गेला आणि बिबवेवाडीच्या चढावर दोन खोल्या बांधून राहिला. बाबा आढावांची हमाल पंचायत त्याने पाहिली, १९६९ चा माथाडी कायदा पाहिला, फंड आणि ग्रॅच्युइटी हे शब्द हमालांच्या तोंडी रुळताना पाहिले. तो कामाला लागला तेव्हा पोतं क्विंटलभराचं असायचं, थांबला तेव्हा पन्नास किलोचं झालं होतं. आता तर युरियाची गोणी ४५ किलोची येते, असं तो नातवाला सांगायचा आणि वर म्हणायचा, "ही तर तुझ्या आजीनं उचलली असती."

हमालाचं काम बाहेरून दिसतं तेवढं साधं नसतं. पोतं एकट्याला पाठीवर घेता येत नाही, ही पहिली गोष्ट. ट्रकच्या फाळक्याशी वर दोघं उभे राहतात, हूक अडकवून पोतं कडेला ओढतात. खाली एक जण ट्रककडे पाठ करून, मान घालून, दोन्ही हात मागे नेऊन थांबलेला असतो. त्याला वरचं काही दिसत नाही. म्हणून वरच्याने आवाज द्यायचा, खालच्याने हुंकार द्यायचा आणि मगच पोतं सोडायचं. आवाज न देता सोडलं तर पन्नास किलोनेही मणका सरकतो. सांगून, पाठीच्या मधोमध दिलं, तर क्विंटलही थप्पीपर्यंत जातो. अण्णाच्या पाठीवर पोतं द्यायचं काम बहुतेक वर्षं बापूकडे होतं. दोघांची टोळी एक, गाव शेजारचं, आणि भांडणं रोजची.

अण्णाची बायको एका सकाळी चुलीपाशी पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात तिला व्हेंटिलेटर लावला आणि तीन आठवडे तो चालू राहिला. रोज सकाळी डॉक्टर बाहेर येऊन मुलाला विचारत, पुढे काय करायचं? मुलगा टेम्पो चालवायचा. त्याने आयुष्यात भाडं ठरवलं होतं, रस्ता ठरवला होता. आईचा श्वास किती दिवस चालवायचा हे ठरवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तो अण्णाकडे यायचा. अण्णा म्हणायचा, "तुला बरं वाटेल ते कर, बाळा." अण्णाला वाटायचं, आपण पोराला मोकळीक देतोय. पोरगा दर वेळी "चालू ठेवा" म्हणायचा, कारण दुसरं काही म्हणायची ताकद त्याच्यात नव्हती. आई गेली. टेम्पोवर कर्ज चढलं. आणि मुलाच्या डोक्यात दोन प्रश्न कायमचे राहिले: आपण आईला उगाच छळलं का, आणि आणखी चार दिवस थांबलो असतो तर? या दोन्ही प्रश्नांचं त्याला एकाच वेळी वाईट वाटायचं. असं वाटू शकतं, हे ज्यांनी दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र काढलीय त्यांना सांगावं लागत नाही.

पण अण्णाने यातून धडा घेतला तो वेगळाच. त्याने मनाशी ठरवलं, आपलं ओझं पोरावर पडू द्यायचं नाही.

त्याचा स्वतःचा दम आता वाढत चालला होता. धान्याची धूळ, मिरचीचा खकाणा, वर विड्या. छातीचे डॉक्टर सीओपीडी म्हणाले आणि पंप लिहून दिला. रोज चार वेळा ओढायचा तो पंप अण्णा दोनदाच ओढू लागला, म्हणजे महिन्याचा दोन महिने पुरतो. रात्री उठायला लागू नये, सुनेची झोप मोडू नये, म्हणून संध्याकाळी पाणी पिणं त्याने सोडलं. खोकला आला की गोधडी तोंडावर दाबायचा. जेवताना "पोट भरलं" हे वाक्य दोन घास आधीच यायला लागलं. आणि कुणी तब्येतीचं विचारलं की एकच उत्तर: "मला काय धाड भरलीय?" नंतर नंतर तो म्हणू लागला, "मला गावाला नेऊन सोडा. तिथं हवा चांगली आहे." गावाला त्याचं घर म्हणजे पडकी भिंत आणि भावकीचा वाद, एवढंच उरलं होतं.

अशी माणसं घरोघरी असतात. आपण त्यांना समजूतदार म्हणतो. त्यांचं कौतुकही करतो की आमच्या आजोबांचा काही त्रास नाही हो. हे कौतुक ऐकून म्हातारा माणूस आणखी थोडं कमी पाणी पितो.

एकदा ज्येष्ठ नागरिक संघात एक वकील बोलायला आले. त्यांनी सांगितलं, ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला आहे की सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सज्ञान आणि शुद्धीत असलेला कुणीही माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की, बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला स्वतःला बोलता येत नसलं, तर कोणते उपचार माझ्यावर करू नयेत. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागे. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. अण्णाने पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकलं. घरी येताना दुकानातून फुलस्केप घेतला आणि नातवाकडून लिहून घेतलं: मला कसलाही आजार झाला तरी दवाखान्यात नेऊ नये. ऑक्सिजन लावू नये. औषधावर खर्च करू नये. गावी नेऊन ठेवावं. मुलाला त्रास देऊ नये.

नातवाला सांगितलं, घरात बोलू नको. आणि साक्षीदार म्हणून सही मागायला तो बापूकडे गेला.

बापूने चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून नातीला हाक मारून कागद वाचून घेतला. दोनदा वाचून घेतला. मग नातीला चहा ठेवायला आत पाठवलं आणि विचारलं, "हे तू कुणासाठी लिवलंस?"

"माझ्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी?"

"तुला गावाला जायाचं हाय?"

"स्वस्त पडतं तिथं."

"दम लागल्यावर ऑक्सिजन नको तुला? गुदमरून बरं वाटतं?"

अण्णा काही बोलला नाही.

"मग हे तुझं न्हाई. ह्यो पोराच्या खर्चाचा हिशेब हाय. मी हिशेबावर सही करत न्हाई." बापूने कागदाची घडी घातली आणि त्याच्या खिशात परत कोंबली. "आणि पोराला ठावं हाय का?"

"त्याला कशाला सांगू? वेळ आली की कागद हातात द्यायचा. त्याच्या डोक्याला ताप नको."

तेव्हा बापू चिडला. तो सहसा जोरात बोलायचा नाही, पण आता बोलला. "गड्या, चाळीस वर्सं तुझ्या पाठीवर पोती दिली मी. एकदा तरी आवाज न देता सोडलं? वहिनींच्या टायमाला पोरगं तुझ्याफुडं मान घालून हुबं व्हतं. 'अण्णा, काय करू' म्हनून इचारत व्हतं. तू काय केलंस? 'तुला बरं वाटंल ते कर' म्हनालास आन् आवाज न देता सोडलंस वरनं. त्याची पाठ वजनानं न्हाई मोडली, तशी मोडली. आन् आता बी तेच करनार हायेस. ह्या येळी कागदात गुंडाळून." मग त्याने श्वास घेतला. "वजन कमी करायचं आपल्या हातात नसतंय. आवाज द्यायचं असतंय."

चहा आला तो दोघांनी न बोलता प्यायला.

अण्णा घरी गेला, आणि त्याच रात्री सगळं बोलला असं मात्र झालं नाही. आठवडा गेला. गोष्टीत माणसं पटकन शहाणी होतात, घरात तसं होत नाही. शेवटी एका अमावास्येला, टेम्पोला नारळ फोडून झाल्यावर, मुलगा निवांत बसला होता तेव्हा अण्णाने तो कागद समोर ठेवला. मुलाने वाचला आणि उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "अण्णा, तुम्ही ओझं आहात असं कधी म्हटलंय का मी? तुम्ही ओझं नाही आहात."

सून पोळीभाजी केंद्रात काम करायची. कणीक मळता मळता ती आतूनच म्हणाली, "आहेत की. नाहीत कसं?"

दोघंही दचकले. ती हात पुसत बाहेर आली. "रात्री तुम्ही खोकता, मला चारला उठायचं असतं. कधी कधी चिडचिड होते माझी. ह्यांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. हे सगळं आहेच, ते नाही म्हणून कशाला फसवायचं त्यांना? पण मी कधी म्हटलं का की कमी खोका? पंपाच्या मागे आकडा असतो, अण्णा. रोज चारने कमी व्हायला पाहिजे, दोननेच होतो. मला माहीत आहे. दोन महिने माहीत आहे. मी बोलले नाही, कारण तुम्हाला वाटेल सून औषधसुद्धा मोजते."

मला या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाक्य सुनेचं ते "आहेत की" हेच वाटतं. आपल्याकडे म्हाताऱ्यांना "तुम्ही ओझं नाही" असं सांगायची पद्धत आहे, आणि ते प्रेमानेच सांगितलं जातं. पण ज्याने जन्मभर वजन उचललंय त्याला वजन कळतं. त्याला खोटं सांगितलं की तो एवढंच समजतो की या विषयावर या घरात बोलता येत नाही. सुनेने वजन आहे असं मान्य केलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच बोलायला जागा झाली.

मग ते बोलत बसले. कणीक तशीच राहिली, रात्री वडापाव आणला. मुलाने विचारलं, "तुम्हाला गावालाच जायचंय ना शेवटी?" त्याने मनात गावच्या घरावर पत्रे टाकायचा हिशेबही केलेला होता. अण्णा म्हणाला, "छे. गावाला काय आहे? मला इथंच राहू दे. पहाटे ट्रक लागतात त्याचा आवाज येतो इथं." मुलगा बघतच राहिला. बापाला गाव हवं आहे, या समजावर त्याने पत्र्याचे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली होती. आणि मुलाला स्वस्त पडावं म्हणून बाप गाव मागत होता. एकमेकांचा त्रास वाचवायच्या नादात दोघांनी मिळून एक बिनकामाचं घर बांधायला घेतलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते तिघं एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका ठेवायचं काम त्या करतात, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. बाईंनी जुना कागद वाचला आणि त्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि तो चार इंजेक्शनांनी बरा होण्यासारखा असला, तर त्याला नको म्हणायचं कारण काय? आणि फुप्फुसं पार थकली, मशीनवर चढवलं तर खाली उतरवता येणार नाही अशी वेळ आली, तर ती वेगळी गोष्ट. "तुमच्या कागदात दोन्ही एकच आहेत, आजोबा." दम लागून जीव घाबरा होतो त्यावर मॉर्फीन अगदी थोड्या मात्रेत देता येतं, मशीन नाकारलं म्हणजे औषधपाणी आणि काळजी बंद झाली असं होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि जोवर अण्णा स्वतः बोलू शकतो, तोवर कागद कपाटातच राहणार, विचारायचं त्यालाच.

मुलाने विचारलं, "म्हणजे शेवटी मशीन नको हे मीच सांगायचं ना डॉक्टरला?" हाच तर त्याचा जुना घाव होता. बाईंनी सांगितलं की तुम्ही एकटे नसता. आधी दवाखान्याचं एक मंडळ बघतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. मग दुसरं मंडळ बघतं, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. कागदात ज्याचं नाव आहे त्याची संमती लागते, आणि दवाखाना न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतो. "तुम्ही ठरवायचं नाही. वडिलांनी ठरवलेलं तुम्ही सांगायचं."

नवा कागद लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. बरं होण्यासारखं असेल तर दवाखान्यात न्या. परतीची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी घालून भरवणं नको. दम लागला तर औषध द्या, गुंगी आली तरी चालेल. शक्य असेल तर घरीच ठेवा, बिबवेवाडीला. "टेम्पो विकायचा नाही" हे वाक्य अण्णाला घालायचंच होतं. वकील म्हणाले, ते या कागदात बसत नाही. अण्णा म्हणाला, मग दुसऱ्या कागदावर लिहा. ते पोराने वेगळं लिहून घेतलं आणि सही घेतली. माझ्या मते हा अण्णाचा हट्ट बरोबर होता. पैशाचं नाव न घेता अशा गोष्टी ठरवायच्या असतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यावर बहुधा कधी हप्ता थकलेला नसतो.

निर्णय सांगणारी माणसं म्हणून मुलाचं आणि सुनेचं, दोघांची नावं घातली. साक्षीदार म्हणून बापूने सही केली, दुसरी सही संघाच्या चिटणीसांनी केली. नोटरी झाली. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्यासाठी, एक टेम्पोच्या कागदपत्रांच्या पिशवीत, कारण ती पिशवी घरात कधीच हरवत नाही. आणि अण्णा रोज चार वेळा पंप ओढू लागला. सून समोर उभी राहून आकडा वाचायची, मोठ्याने.

त्या हिवाळ्यात अण्णाला न्यूमोनिया झाला. जुना कागद असता तर तो तेव्हाच गेला असता. दवाखान्यात नेलं. सत्तरीच्या वरच्यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान कार्ड काढलेलं होतं, त्यामुळे भरतीचा खर्च बराचसा भागला. घरी भाड्याने आणलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राचं भाडं मात्र खिशातूनच गेलं. तो बरा होऊन परत आला, पुढचा उन्हाळा बघितला, आंबे खाल्ले, नातवाच्या दहावीच्या निकालाला पेढे वाटले आणि बापूशी चार वेळा भांडला.

पावसाळ्यात दम पुन्हा चढला, आणि या वेळी उतरला नाही. अण्णा शुद्धीवर होता तोवर डॉक्टरीणबाईंनी त्यालाच विचारलं. त्याने मान हलवून मशीन नको म्हणून सांगितलं, मुलाने ऐकलं, सुनेने ऐकलं. मॉर्फीन सुरू झालं. कागद बाहेर काढायची वेळच आली नाही. दोन दिवसांनी, घरीच, तो गेला.

तेराव्याला गावाकडचे मेहुणे आले. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर मुलाला झापलं. शेवटपर्यंत प्रयत्न करायला हवे होते, मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, लोक काय म्हणतील. आईच्या वेळेचा मुलगा असता तर खचला असता. तो म्हणाला, "मामा, त्यांनी मला सांगितलं होतं. तुम्हाला वाचायचं असेल तर कागद टेम्पोत आहे." मेहुणे काही वाचायला गेले नाहीत. बडीशेप मागून घेतली.

सगळे पांगल्यावर सून भांडी विसळताना बापूला म्हणाली, "काका, तुमचा कागद कुठंय?"

बापू गडबडला. त्याचे दोन मुलगे गावच्या जमिनीवरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एक हडपसरला, एक भोसरीला. "करू की," तो म्हणाला. "दिवाळी होऊन जाऊ दे."

"कुठली दिवाळी?"

रविवारी बापूने दोघांना निरोप धाडला. थोरला आला. धाकट्याने कंपनीत काम निघाल्याचं कळवलं. काम बिम काही नव्हतं, हे बापूलाही माहीत होतं. त्याने थोरल्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही. चप्पल घातली आणि त्याला घेऊन स्वारगेटला आला. भोसरीच्या बसमध्ये दोघांना एकच बाकडं मिळालं. शिवाजीनगर ओलांडल्यावर थोरल्याने विचारलं, "बापू, नक्की कशाला चाललोय आपण त्याच्याकडे?"

"तिथं पोचल्यावर सांगतो," बापू म्हणाला. "तुम्हा दोघांना एका टायमाला."